देशाचे दप्तर परमुलखात: डेटा दूतावासाची पार्श्वभूमी

1940 मध्ये सोव्हिएत फौजांनी उत्तर युरोपातला एस्टोनिया हा देश ताब्यात घेतला. देश नकाशावरून गेला, पण न्यूयॉर्कमधली त्याची वकिलात बंद झाली नाही. अमेरिकेने हा कब्जा कधीच मान्य केला नाही, त्यामुळे तिथले कामकाज चालू राहिले. 1965 पासून एर्न्स्ट याक्सन हे तिथले मुख्य वाणिज्यदूत होते. पाठीशी सरकार नाही, मायदेशातून हुकूम किंवा पगार येत नाही, तरी ते रॉकफेलर प्लाझामधल्या कचेरीत बसून एस्टोनियाच्या पासपोर्टवर सही-शिक्का करत राहिले. 1991 मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला आणि याक्सन अमेरिकेतले त्याचे राजदूत झाले. जमीन गेली तरी राज्य कुठेतरी जपून ठेवता येते, हे या छोट्या देशाला पन्नास वर्षांच्या अनुभवाने कळले होते. ‘डेटा दूतावास’, म्हणजे सरकारी नोंदींची प्रत परमुलखातल्या सर्व्हरवर पण आपल्याच सत्तेखाली ठेवणे, ही आजच्या राजनयातली नवी कल्पना याच देशात रुजावी, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर एस्टोनियाने जवळजवळ सगळा कारभार संगणकावर नेला. कायदे ज्या राजपत्रात छापले जातात, त्याची अधिकृत कागदी आवृत्तीही 2010 मध्ये थांबली. जमिनीची नोंदवही, लोकसंख्येची नोंद, कंपन्यांची नोंद, हे सारे डिजिटल झाले. सातबारावरचे एक नाव चुकले तर तलाठ्याकडे किती चकरा माराव्या लागतात, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरात कुणालाही विचारावे. आता कल्पना करा, अख्ख्या देशाचा सातबारा फक्त सर्व्हरवर आहे, कपाटात दुसरी प्रत नाही. तो पुसला गेला तर कोणती जमीन कोणाची, हे सिद्ध कशाने करायचे?

हा प्रश्न एप्रिल 2007 मध्ये अंगावर आला. राजधानी टॅलिनमधला सोव्हिएत सैनिकाचा कांस्य पुतळा सरकारने दुसरीकडे हलवला, त्यावरून दंगल झाली आणि पाठोपाठ सरकारी संकेतस्थळे, बँका, वृत्तपत्रे यांच्यावर सायबर हल्ले सुरू झाले. ते जवळजवळ तीन आठवडे चालले. रशियाने आपला हात असल्याचे नाकारले. एस्टोनियाने मात्र धडा घेतला: दप्तराची एक प्रत देशाबाहेर हवी, आणि ती जिथे असेल तिथेही सत्ता आपलीच चालायला हवी.

बाहेर ठेवणे सोपे, सत्ता टिकवणे कठीण. दूतावासांना संरक्षण देणारा व्हिएन्ना करार 1961 चा आहे. त्याच्या 24 व्या कलमानुसार दूतावासाची कागदपत्रे कधीही आणि कुठेही असली तरी यजमान देशाला त्यांना हात लावता येत नाही. नोव्हेंबर 1979 मध्ये तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासाचा ताबा घेणाऱ्यांनी यंत्रात कापलेल्या कागदांच्या पट्ट्या एकेक करून जुळवल्या आणि ते दस्तऐवज पुस्तकरूपाने छापले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1980 च्या निकालात इराणला दोषी धरले. पण हा करार लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होती ती माणसे, इमारती, तिजोऱ्या आणि टपालाच्या थैल्या. जिथे राजदूत नाही, कारकून नाही, नुसती यंत्रे घरघरत आहेत, अशी खोली ‘दूतावास’ ठरते का, याचे उत्तर त्यात सापडत नाही.

म्हणून एस्टोनियाने वेगळा करार केला. 20 जून 2017 रोजी लक्झेंबर्गचे पंतप्रधान झाविए बेटेल आणि एस्टोनियाचे पंतप्रधान युरी रातास यांनी त्यावर सह्या केल्या. लक्झेंबर्गमधल्या बेट्झडॉर्फ इथल्या डेटा केंद्रात एस्टोनियाचे सर्व्हर बसले. त्या जागेत परवानगीशिवाय लक्झेंबर्गच्या पोलिसालाही पाऊल टाकता येत नाही, झडती किंवा जप्ती तर दूरच. जमिनीच्या, लोकसंख्येच्या आणि कंपन्यांच्या नोंदी, सरकारी खजिन्याची माहिती अशा मोजक्या महत्त्वाच्या दप्तरांना तिथे आसरा आहे. 2021 मध्ये मोनॅकोनेही लक्झेंबर्गशी असाच करार केला. भारताच्या 2023 च्या अर्थसंकल्पी भाषणात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत इतर देशांना डेटा दूतावास उघडू देण्याची घोषणा केली. परक्याचे दप्तर सांभाळणे हा नुसता व्यवसाय नाही, तो विश्वासाचा व्यवहार आहे, हे तिथे येणारा प्रत्येक देश पारखून घेईल.

युक्रेनला इतकी सवड मिळाली नाही. सरकारी डेटा देशाबाहेर ठेवायला तिथे कायद्याची आडकाठी होती, ती संसदेने फेब्रुवारी 2022 मध्ये युद्ध पेटण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी दूर केली. युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात सुटकेसएवढी साठवणयंत्रे पोलंडमार्गे आत नेण्यात आली आणि सरकारी नोंदी त्यांत भरून बाहेर काढल्या गेल्या. पण हा आसरा दिला तो ॲमेझॉनसारख्या खासगी कंपन्यांच्या क्लाउडने, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या त्यांच्या सर्व्हरांनी. मला हा फरक फार मोठा वाटतो. लक्झेंबर्गमध्ये दोन राज्यांमधला करार आहे, इथे ग्राहक आणि कंपनी यांच्यातला. डेन्मार्कने 2017 मध्ये कास्पर क्लिंगे यांना बड्या तंत्रज्ञान कंपन्यांशी बोलणी करणारे ‘तंत्रज्ञान राजदूत’ नेमून सिलिकॉन व्हॅलीत पाठवले, तेव्हा अनेकांना ते नवलाचे वाटले होते. आता ते पद किती गरजेचे आहे ते कळते.

यापुढचा टप्पा पॅसिफिक महासागरातल्या तुवालू या सुमारे 11,000 वस्तीच्या देशाचा. त्याच्यापुढचे संकट फौजेचे नाही, चढत्या समुद्राचे आहे. 2021 मध्ये त्याचे मंत्री सायमन कोफे यांनी गुडघाभर पाण्यात उभे राहून हवामान परिषदेसाठी भाषण केले. पुढच्या वर्षी ते एका छोट्या बेटाच्या डिजिटल प्रतिकृतीवर उभे दिसले, आणि देश संगणकात उतरवून ठेवण्याचा निर्धार त्यांनी जाहीर केला. 2023 मध्ये तुवालूने राज्यघटना बदलून, भूभाग गेला तरी राज्य कायम राहील, असे लिहून ठेवले. ऑस्ट्रेलियाने त्याच्याशी केलेल्या करारात ही गोष्ट मान्य केली असून तो करार ऑगस्ट 2024 पासून लागू आहे. इतर देशांनीही तसेच म्हणावे, यासाठी तुवालूचे प्रतिनिधी एकेका राजधानीत जाऊन बोलणी करत आहेत.