नागपूरहून परदेशी मिशनरी सेवेसाठी जाणारे दांपत्य: पात्रता, कागदपत्रे आणि निधी उभारण्याची रीत

परदेशात मिशनरी म्हणून जाण्याचे पाचारण एखाद्या दांपत्याने मंडळीसमोर, म्हणजे आपल्या चर्चच्या सभासदांसमोर, मांडले, की पहिले काही आठवडे प्रार्थनेत आणि आनंदात जातात आणि मग कागदपत्रांचा विषय निघतो. आपल्याकडे हा विषय बहुधा पासपोर्टपासून सुरू होतो आणि पैशाचा मार्ग सर्वांत शेवटी ठरतो. हा क्रम बदलला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणत्या देशात, कोणत्या संस्थेमार्फत आणि कोणत्या वर्गाच्या व्हिसावर जायचे, तसेच लोकांनी दिलेला पैसा कोणत्या कायदेशीर वाटेने खर्च होणार, हे लेखी ठरल्याशिवाय एक रुपयाही गोळा करू नये. देणारी माणसे आपल्या घरखर्चातून बाजूला काढून देतात आणि त्यांच्या पैशाला नंतर नोटिशीचे किंवा करवसुलीचे गालबोट लागणे कोणालाच परवडणारे नाही.

मंडळी आणि पाठवणारी संस्था

कोणताही देश 'आम्हांला पाचारण आहे' एवढ्या शब्दावर धार्मिक कामाचा परवाना देत नाही. त्या देशात नोंदणी असलेल्या मंडळीचे किंवा संस्थेचे निमंत्रण लागते आणि इकडून पाठवणाऱ्या संस्थेचे पत्र लागते. त्यामुळे पहिला अर्ज सरकारकडे नसून आपल्या पाळकसाहेबांकडे आणि पास्टोरेट कमिटीकडे (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीकडे) असतो. कमिटीने ठराव करावा, तो कार्यवृत्तात नोंदवावा आणि त्याची सही-शिक्क्यानिशी प्रत दांपत्याला द्यावी. ठरावात दोघांचीही नावे स्वतंत्रपणे असावीत. 'श्री. अमुक व त्यांची पत्नी' असा मोघम उल्लेख पुढे पत्नीच्या व्हिसाला अडचणीचा ठरतो.

त्याच वेळी दोघांनी बाप्तिस्म्याचा आणि सभासदत्वाचा दाखला काढून घ्यावा. ही बाब वरवर किरकोळ वाटते, पण वेळ इथेच सर्वाधिक जातो. जुन्या बाप्तिस्मा वहीतली नोंद हाताने लिहिलेली असते, वडिलांचे नाव कधी पूर्ण तर कधी केवळ आद्याक्षराने असते, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेले नाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नसतेच. वहीतली मूळ नोंद कोणीही खोडू किंवा सुधारू नये. पाळकांनी नोंद जशी आहे तशीच उतरवून द्यावी आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र अर्जदाराने जोडावे. नावातला फरक मोठा असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेणे हाच पक्का उपाय आहे. त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो.

सभासदत्वाच्या दाखल्यावर तारीख असलीच पाहिजे. अमेरिकेच्या आर-१ या धार्मिक सेवकांच्या व्हिसासाठी अर्जापूर्वीची सलग दोन वर्षे अर्जदार त्याच पंथाचा सभासद असावा लागतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापनाच २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली आणि त्यात अनेक परंपरा एकत्र आल्या, त्यामुळे आपल्या मंडळीचा निमंत्रण देणाऱ्या परदेशी मंडळीशी नेमका काय संबंध आहे, हे पत्रात एका परिच्छेदात समजावून सांगावे लागते. गेल्या वर्षीच मंडळी बदलून स्वतंत्र सहभागितेत गेलेल्या दांपत्याने हा मुद्दा आधी तपासावा.

ईश्वरविज्ञानाच्या पदवीबाबतही एक खबरदारी घ्यावी. पदवी सेरामपूरच्या सिनेटची असेल, तर तिला विद्यापीठीय आधार आहे. इतर सेमिनरींच्या पदव्या मंडळ्यांमध्ये मानल्या जात असल्या, तरी सरकारी प्रमाणीकरणाच्या वेळी त्या सर्वच चालतील असे गृहीत धरू नये. परदेशी संस्थेला कोणती पदवी पुरेशी वाटते, हे तिच्याकडून लेखी घ्यावे.

विवाह नोंदणी आणि पासपोर्ट

मंडळीत झालेला विवाह भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, १८७२ नुसार होतो आणि मंडळीच्या नोंदवहीतून त्याचा दाखला मिळतो. बँकेत किंवा शाळेत तो चालून जातो, मात्र परदेशी वकिलातीपुढे स्थानिक स्वराज्य संस्थेचे विवाह नोंदणी प्रमाणपत्र अधिक निर्विवाद ठरते. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमाखाली महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात ही नोंदणी करता येते. उभयतांचे वयाचे आणि रहिवासाचे पुरावे, छायाचित्रे, मंडळीचा दाखला आणि तीन साक्षीदार लागतात. लग्नाला पुष्कळ वर्षे झाली असली, तरी विलंब शुल्क भरून नोंदणी होते, तेव्हा संकोच करू नये.

पासपोर्टची रीत आता बहुतेकांना ठाऊक आहे. अर्ज पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर भरावा, भेटीची वेळ घ्यावी आणि मूळ कागदपत्रांसह केंद्रावर जावे, त्यानंतर पोलीस पडताळणी होते. प्रौढांच्या ३६ पानी पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आणि मुदत १० वर्षे असते. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा वयाची १८ वर्षे पूर्ण होईपर्यंतचा, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंतचा असतो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळासाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा एकमेव पुरावा आहे. दांपत्याने एकमेकांची नावे पासपोर्टवर जोडीदार म्हणून नोंदवून घ्यावीत, कारण एका पासपोर्टवर पतीचे नाव आणि दुसऱ्यावर जोडीदाराचा रकाना कोरा, अशी स्थिती व्हिसा अधिकाऱ्याला हमखास खटकते.

व्हिसासाठी पोलीस दाखला लागत असल्यास तोही पासपोर्ट सेवेमार्फतच, ५०० रुपये शुल्कावर मिळतो. तो फार आधी काढून ठेवू नये, कारण बहुतेक देश ताजा दाखला मागतात.

विवाह प्रमाणपत्र, जन्मदाखले आणि पदव्या परदेशात वापरण्यासाठी त्यांचे प्रमाणीकरण करावे लागते. ज्या राज्याने कागद दिला, त्या राज्याच्या सक्षम खात्याकडून तो आधी प्रमाणित होतो आणि मग परराष्ट्र मंत्रालय त्यावर अपोस्टील, म्हणजे कराराच्या सदस्य देशांत चालणारा प्रमाणीकरणाचा शिक्का, लावते. भारत २००५ पासून हेग अपोस्टील कराराचा सदस्य आहे. जायचा देश सदस्य नसेल, तर मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का घ्यावा लागतो. पत्नीची पदवी दुसऱ्या राज्यातली असेल, तर तिचे प्रमाणीकरण त्याच राज्यातून होणार, हे लक्षात घेऊन वेळ राखून ठेवावा.

व्हिसा: काम जे आहे, तेच अर्जात लिहावे

पर्यटक व्हिसावर जाऊन 'तिथे गेल्यावर बघू' असा सल्ला मंडळीतलीच काही माणसे प्रेमाने देतात. तो अजिबात ऐकू नये. अर्जात खोटे कारण देऊन सुवार्तेच्या कामाला जाणे नैतिकदृष्ट्या चूक आहेच, शिवाय एकदा खोटे उघडकीस आले की पुढचे सर्व अर्ज संशयाने पाहिले जातात आणि निमंत्रण देणारी स्थानिक मंडळीही अडचणीत येते.

केनियाचे उदाहरण घ्या. भारतीयांना तिथे ऑनलाइन प्रवास परवान्यावर जाता येते, पण तो भेटीपुरता आहे. धार्मिक किंवा धर्मादाय संस्थेत काम करायचे असेल, तर 'वर्ग आय'चा वर्क परमिट लागतो आणि त्यासाठी तिथली नोंदणीकृत संस्था पुरस्कर्ता असावी लागते. ब्रिटनचा धार्मिक सेवकाचा तात्पुरता व्हिसा जास्तीत जास्त २४ महिन्यांसाठी मिळतो, त्यालाही तिथल्या परवानाधारक संस्थेचे पुरस्कर्तेपद लागते आणि सहा महिन्यांहून अधिक राहणाऱ्या भारतीय अर्जदाराला क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्र द्यावे लागते. अमेरिकेचा आर-१ एकूण पाच वर्षांपर्यंत चालतो, पण जोडीदाराला मिळणाऱ्या आर-२ व्हिसावर नोकरी करता येत नाही. पत्नीही वेतन घेऊन सेवेत काम करणार असेल, तर तिच्यासाठी स्वतंत्र आर-१ अर्ज करावा. दोघांनाही पाचारण असताना कागदावर एकच मिशनरी आणि एक आश्रित दाखवणे, ही आपल्याकडची जुनी सवय या नियमापुढे टिकत नाही.

नेपाळबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. तिथे जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, म्हणून अनेक तरुण दांपत्यांना ते सर्वांत सोपे वाटते. प्रत्यक्षात ऑगस्ट २०१८ पासून लागू असलेल्या नेपाळच्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ नुसार धर्मांतर घडवणे किंवा तसा प्रयत्न करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० नेपाळी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, तसेच परदेशी व्यक्तीला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढले जाते. जाण्यापूर्वी हे दोघांनी आणि दोघांच्याही आई-वडिलांनी नीट वाचलेले असावे.

निधी: कोणाच्या खात्यात, कोणत्या नावाने

१८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले, तेव्हा त्यांच्यामागे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाठबळ होते. आज नागपूरच्या मंडळ्यांना हीच जबाबदारी उलट दिशेने घ्यायची आहे, आणि त्यासाठी आर्थिक कायदे समजून घेण्याला पर्याय नाही.

पतीच्या वैयक्तिक बचत खात्याचा क्रमांक मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकून सुरुवात करणे, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या भेटींची एकूण रक्कम ५०,००० रुपयांपेक्षा जास्त झाली, तर ती संपूर्ण रक्कम करपात्र उत्पन्न धरली जाते. शिवाय दांपत्य नोकरीसाठी किंवा अनिश्चित काळासाठी परदेशी गेले, की परकीय चलन कायद्यानुसार ते अनिवासी ठरते. मग निवासी भारतीयाने अनिवासी व्यक्तीच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयाच्या भारतातील रुपया खात्यात) रुपयांत भेट जमा करण्याची जी मुभा आहे, ती नातेवाइकांपुरतीच आहे. मंडळीतले काका-मावशी कितीही जिव्हाळ्याचे असले, तरी कायद्याच्या व्याख्येत ते नातेवाईक नाहीत.

म्हणून निधी नोंदणीकृत पाठवणाऱ्या संस्थेच्या नावे घ्यावा आणि संस्थेने पावती द्यावी. पण तिथेही दोन अटी आहेत. निवासी व्यक्तीला वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवण्याची उदारीकृत योजना विश्वस्त संस्थांना लागू नाही. त्याशिवाय आयकर अधिनियम १९६१ च्या कलम ११ प्रमाणे धर्मादाय संस्थेने भारताबाहेर खर्च केलेल्या उत्पन्नाला, प्रत्यक्ष कर मंडळाच्या आदेशाशिवाय, करसवलत मिळत नाही. नव्या आयकर अधिनियम २०२५ च्या अंमलाचा दिनांक १ एप्रिल २०२६ असून त्यात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत. त्यामुळे संस्थेने दांपत्याला मानधन भारतात कसे द्यायचे आणि बाहेरचा खर्च कोणी करायचा, याविषयी सनदी लेखापालाचे लेखी मत घेऊन फाइलला लावावे. बरेचदा निवासाचा आणि कामाचा खर्च निमंत्रण देणाऱ्या संस्थेने उचलणे आणि प्रशिक्षण, तिकीट, विमा व भारतातली देणी इकडच्या निधीतून भागवणे, अशी वाटणी सुटसुटीत पडते.

एखाद्या देणगीदाराला स्वतःच्या खात्यातून थेट परदेशी रक्कम पाठवायची असेल, तर तो वरील योजनेखाली बँकेत ए-२ अर्ज (परदेशी रक्कम पाठवण्याचा नमुना) आणि पॅन देऊन पाठवू शकतो. अशा कारणासाठी वर्षभरात दहा लाख रुपयांच्या वर गेलेल्या रकमेवर बँक २० टक्के दराने कर आधीच वसूल करते आणि तो विवरणपत्र भरताना समायोजित होतो.

'८० जीची पावती मिळेल का?', म्हणजे देणगीवर करवजावट मिळेल का, हा प्रश्न नागपुरात प्रत्येक घरी विचारला जातो. संस्था निव्वळ धार्मिक असेल, तर उत्तर नाही असे आहे. धर्मादाय म्हणून ८० जी मान्यता असलेल्या संस्थेलाही उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंतच धार्मिक कामावर खर्च करता येतो. रोख देणगी २,००० रुपयांपेक्षा अधिक असल्यास वजावट मिळत नाही. सवलत मिळणार नसेल, तर ते देणगीदाराला आधीच सांगावे. सांगितल्यावरही देणारे देतात.

परदेशातून येणाऱ्या मदतीला परकीय अंशदान अधिनियम, २०१० लागू होतो. आखातात नोकरी करणाऱ्या भारतीय नागरिकाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय अंशदान मानली जात नाही, परंतु अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या भाच्याची रक्कम तशी मानली जाते आणि या कायद्याखाली नोंदणी नसलेली संस्था ती घेऊ शकत नाही.

प्रत्यक्ष निधी उभारताना तोंडी आश्वासनावर विसंबू नये, छोटे वचनपत्र भरून घ्यावे. त्यावर नाव, पॅन, दरमहा रक्कम, कोणत्या महिन्यापासून, किती वर्षांसाठी आणि बँकेच्या स्थायी सूचनेने की अन्य मार्गाने, एवढे रकाने पुरेत. समजा दरमहा ८०,००० रुपयांची गरज आहे. स्वतःच्या मंडळीचे २५,०००, महिला मंडळाचे ५,०००, दोन सहयोगी मंडळ्यांचे प्रत्येकी १०,००० आणि ३० कुटुंबांचे प्रत्येकी १,००० असा हिशेब मांडला, तर लोकांना आपला वाटा कुठे बसतो हे दिसते. नाताळच्या उपासनेत भरलेली वचनपत्रे जानेवारीत एकेका घरी जाऊन पुन्हा पक्की करावीत, कारण उत्साहात लिहिलेला आकडा त्या कुटुंबाला खरोखर झेपणारा आहे का, हे विचारणे आपले कर्तव्य आहे. परतीचे तिकीट, आरोग्य विमा आणि मुलांचे शिक्षण अंदाजपत्रकात नसेल, तर ते अंदाजपत्रक अपुरे समजावे.

निघण्यापूर्वी

आफ्रिकेतील किंवा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराच्या देशात जायचे असल्यास अधिकृत केंद्रावर प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी लस घ्यावी. तिचे प्रमाणपत्र आजन्म वैध असते, आणि परत येताना ते नसेल, तर भारतातही विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.

बँकेला कळवून निवासी बचत खाती एनआरओमध्ये बदलून घ्यावीत. घर, गाडी किंवा शेतीचे व्यवहार पाहण्यासाठी भावाला वा वडिलांना मुखत्यारपत्र द्यायचे असेल, तर ते नागपुरात असतानाच, नेमकी कामे लिहून करावे, कारण तेच मुखत्यारपत्र परदेशातून पाठवायचे झाल्यास ते आधी भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्यावे लागते आणि भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याचे मुद्रांक शुल्क भरावे लागते.