टॅलिसमनने विकलं, आपण घेतलं: गुंतवणुकीतल्या एका जुन्या मागणीची पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत राबणाऱ्या कामगाराच्या पगारातून दर महिन्याला पीएफ कापला जातो, तेव्हा त्यातला काही भाग शेअर बाजारात जातो हे त्याला बहुधा कुणी सांगितलेलं नसतं. ऑगस्ट २०१५ पासून भविष्य निर्वाह निधी संघटना ईटीएफमध्ये, म्हणजे शेअर निर्देशांकाची नक्कल करणाऱ्या फंडांत, पैसे घालते. सुरुवातीला नव्या जमेच्या ५ टक्के, पुढे ही मर्यादा १५ टक्क्यांवर गेली. ईटीएफची खरेदी आंधळी असते. निर्देशांकात जी कंपनी आहे ती घ्यायची, ती कुठे काय करते हे विचारायचं नाही. निफ्टी या निर्देशांकात सरकारी तेल कंपनी ओएनजीसी आहे, बंदरं चालवणारी अदानी पोर्ट्स आहे. या दोन्ही नावांवर परदेशातल्या बड्या पेन्शन फंडांनी कधी ना कधी मानवी हक्कांच्या कारणावरून फुली मारली आहे.

‘नरसंहारात किंवा अमानुष अत्याचारात ज्यांचा हात आहे, अशा कंपन्यांत आमचा पैसा घालू नका’ ही मागणी आपल्याकडे परकी वाटते. तिची मुळं दूरची आहेत हे खरं, पण त्या गोष्टीत मधेच भारत येतो, आणि तोही खरेदीदार म्हणून.

धंदा आणि पाप यांचा हिशेब जोडण्याची सुरुवात क्वेकर या ख्रिस्ती पंथाने केली. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत त्यांनी ठरवलं की, गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सदस्याला पंथाच्या कारभारात जागा नाही. नंतर दीड-दोनशे वर्षं हा विषय दारू, तंबाखू, जुगार यांच्याभोवतीच फिरत राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो गंभीर झाला. आयजी फार्बेन या जर्मन रसायन कंपनीच्या अधिकाऱ्यांवर ऑगस्ट १९४७ ते जुलै १९४८ या काळात न्यूरेंबर्गमध्ये खटला चालला. ऑशविट्झच्या कैद्यांना कंपनीच्या कारखान्यात वेठबिगारीला जुंपल्याचा आरोप त्यात होता. कारखानदार केवळ ‘धंदा करत होतो’ म्हणून सुटू शकत नाही, हे तिथं पहिल्यांदा ठळकपणे मांडलं गेलं. नेमक्या त्या दिवसांत आपल्या वळिवड्यात पोलिश निर्वासितांची छावणी होती. १९४३ ते १९४८ या काळात तिथं सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली. त्यांना घराबाहेर काढलं होतं ते जर्मनांनी नव्हे, स्टालिनच्या रशियाने. सायबेरियातून इराणमार्गे ती इथवर आली. कोल्हापूरला अत्याचाराची बातमी वर्तमानपत्रातून नाही, पंचगंगेकाठच्या शेजाऱ्यांकडून कळत होती, एवढं यानिमित्ताने नोंदवायला हवं.

भागधारकाने सभेत उठून प्रश्न विचारायचा, ही पद्धत व्हिएतनाम युद्धातून आली. डाऊ केमिकल ही अमेरिकन कंपनी नापाम हे बॉम्बमध्ये वापरलं जाणारं ज्वालाग्राही रसायन बनवत होती. ते अंगाला चिकटून जळतं. १९६८ मध्ये मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या डॉक्टरांच्या एका समितीने, भेट मिळालेल्या मोजक्या शेअरच्या जोरावर, ठराव मांडला की माणसांवर वापरणार नाही अशी हमी नसेल तर नापाम विकू नये. कंपनीने तो विषयपत्रिकेवर घ्यायला नकार दिला, बाजार नियामकाने कंपनीची बाजू उचलली. प्रकरण कोर्टात गेलं. १९७० मध्ये अपील न्यायालयाने नियामकाला फटकारलं आणि पुढच्या वर्षी ठराव मतदानाला आला. मतं पडली तीन टक्क्यांहून कमी. ठराव पडला, पण रस्ता उघडला. त्याच १९७१ मध्ये युद्धसामग्रीपासून लांब राहणारा पॅक्स वर्ल्ड फंड निघाला.

दक्षिण आफ्रिकेची कथा सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे थोडक्यात. १९४६ मध्ये तिथल्या वर्णद्वेषी सरकारशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संचालक मंडळावर असलेले रेव्हरंड लिऑन सुलिव्हन यांनी १९७७ मध्ये तिथं धंदा करणाऱ्या कंपन्यांसाठी आचारसंहिता काढली. दहा वर्षांनी त्यांनीच ती अपुरी ठरल्याचं सांगितलं आणि कंपन्यांना बाहेर पडायला सांगितलं. आतून सुधारणा करू म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

आता सुदान. इथं आपण येतो. १९९० च्या दशकाच्या शेवटी टॅलिसमन एनर्जी ही कॅनडाची कंपनी सुदानच्या ‘ग्रेटर नाईल’ तेल प्रकल्पात २५ टक्क्यांची भागीदार होती. चीनच्या सरकारी कंपनीचे ४० टक्के, मलेशियाच्या पेट्रोनासचे ३० आणि सुदानच्या सरकारी कंपनीचे ५. तेलाच्या पट्ट्यातली गावं रिकामी केली जात होती. तिथल्या हेग्लिगची धावपट्टी मुळात तेल प्रकल्पासाठी, पण तिथून लष्कराची विमानं आणि हेलिकॉप्टर उडतात, हे कॅनडा सरकारनेच नेमलेल्या हार्कर पथकाने २००० च्या अहवालात लिहिलं. चर्च संघटना आणि पेन्शन फंड मागे लागले. शेअरचा भाव दबलेला राहिला. अखेर कंपनी कंटाळली आणि तिने हिस्सा विकायला काढला.

घेतला कुणी? ओएनजीसीच्या परदेशातलं काम पाहणाऱ्या ओएनजीसी विदेश या कंपनीने. मार्च २००३ मध्ये, सुमारे ७५ कोटी डॉलरला. आपल्याकडे तेव्हा तो ऊर्जासुरक्षेचा विजय म्हणून साजरा झाला. तेल आयात करणाऱ्या देशाला परदेशात विहिरी हव्यात, हा युक्तिवाद चुकीचा म्हणता येत नाही. पण ज्या धावपट्टीमुळे कॅनडात गदारोळ झाला, तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी तोंड उघडलं नाही. शेअर विकून काय होतं, दुसरा घेतो, असं या चळवळीच्या विरोधात नेहमी म्हटलं जातं. त्याचं सर्वांत चोख उदाहरण म्हणजे आपणच.

त्याच २००३ मध्ये सुदानच्या पश्चिमेकडचं दारफूर पेटलं. चळवळीचं लक्ष पेट्रोचायना या चिनी तेल कंपनीकडे गेलं, कारण तिची मालक असलेली चिनी सरकारी कंपनीच सुदानमध्ये सर्वांत मोठी. हार्वर्ड विद्यापीठाने २००५ मध्ये हे शेअर विकले. फिडेलिटी, व्हॅनगार्ड या अमेरिकन फंड कंपन्यांच्या फंडांत सामान्य नोकरदारांचे निवृत्तीचे पैसे होते, म्हणून तिथं युनिटधारकांमार्फत ठराव मांडायची मोहीम निघाली. फंड कंपन्यांचं उत्तर ठरलेलं: आमचं कर्तव्य परतावा देण्याचं. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने ४८.८ कोटी डॉलरला पेट्रोचायनाचे १.३ टक्के शेअर घेतले होते. मे २००७ मध्ये ओमाहाच्या सभेत ते विकण्याचा ठराव प्रचंड बहुमताने पडला. मुलीच्या हातात आईचा कारभार नसतो, म्हणजे पेट्रोचायना आपल्या मालक कंपनीला आवरू शकत नाही, अशा धाटणीचा बफे यांचा बचाव होता. वर्ष संपण्यापूर्वी त्यांनी सगळे शेअर सुमारे ४०० कोटी डॉलरला विकले आणि कारण सांगितलं ते फक्त भावाचं. ज्याला त्याला पटेल ते मानावं.

३१ डिसेंबर २००७ रोजी अमेरिकेत सुदानमधून गुंतवणूक काढण्याला संरक्षण देणारा कायदा झाला. जानेवारी २०१० मध्ये शिक्षक-प्राध्यापकांचा पेन्शन फंड असलेल्या टीआयएए-क्रेफने चार कंपन्यांचे शेअर विकले. तीन चिनी, चौथी ओएनजीसी.

म्यानमारमध्ये तोच खेळ नव्या पात्रांनिशी झाला. अदानी पोर्ट्सचं यांगूनमधलं टर्मिनल लष्कराच्या मालकीच्या कंपनीकडून घेतलेल्या जमिनीवर होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथं लष्कराने सत्ता बळकावली, त्याच वर्षी नॉर्वेच्या केएलपी या पेन्शन फंडाने हे शेअर विकले. कंपनीने २०२३ मध्ये टर्मिनल ३ कोटी डॉलरला विकून टाकलं. तरीही २०२४ मध्ये नॉर्वेच्या सरकारी तेल निधीने तिला यादीबाहेर काढलं. खरेदीदाराची माहिती मिळत नाही, हा त्यांच्या नैतिकता मंडळाचा मुद्दा होता. टोटल आणि शेव्हरॉन यांनी जानेवारी २०२२ मध्ये म्यानमार सोडत असल्याचं जाहीर केलं. श्वे वायू क्षेत्रात ओएनजीसी विदेश आणि गेल यांची भागीदारी आहे, तिच्यावर आपल्याकडे कुठल्या सभेत खडाजंगी झाल्याचं ऐकिवात नाही.

खडाजंगी म्हटलं की कोल्हापूरकराला काही शिकवायला नको. साखर कारखान्याची किंवा दूध संघाची वार्षिक सर्वसाधारण सभा आठवा. व्यासपीठावरून ‘मंजूर, मंजूर’, समोरून ‘नामंजूर’, माईकसाठी झटापट, अहवालाच्या प्रती हवेत. दराचा प्रश्न असो की संस्था मल्टिस्टेट (बहुराज्यीय) करण्याचा, सभासद गप्प बसत नाही. हाच माणूस शहरातल्या राजारामपुरीच्या एखाद्या ऑफिसात जाऊन एसआयपी सुरू करतो, तेव्हा मात्र त्याला सभाच नसते. आपल्याकडे म्युच्युअल फंडाच्या युनिटधारकांची वार्षिक सभा होत नाही. ज्या कंपन्यांचे शेअर फंडाकडे आहेत, त्यांच्या सभेत मत देतो तो फंड.

सेबीने, म्हणजे आपल्या बाजार नियामकाने, इथं थोडी दारं उघडली आहेत. एप्रिल २०२२ पासून फंडांना सगळ्या ठरावांवर मतदान सक्तीचं आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार कंपन्यांना जबाबदार व्यवसायाचा अहवाल द्यावा लागतो, त्यातलं पाचवं तत्त्व मानवी हक्कांचं. पण त्या रकान्यांत प्रामुख्याने विचारलं जातं ते किमान वेतन, तक्रारी, प्रशिक्षण. दुसऱ्या देशातल्या लष्कराला भाडं देता का, असा थेट रकाना त्यात नाही. फंड कुठले शेअर धरून आहे ही यादी दर महिन्याला जाहीर होते, आणि कुठल्या ठरावावर काय मत दिलं व का दिलं, याचा तक्ता दर तिमाहीला फंडाच्या वेबसाइटवर टाकावा लागतो. कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातलं वाक्य असतं: ठराव भागधारकांच्या हिताचा.