लाव्हाच्या बेटावरची गोम आणि आपली सीताबर्डी

मॉरिशसच्या उत्तरेला वीस-पंचवीस किलोमीटरवर समुद्रात दोन ओसाड बेटं आहेत. एक राउंड आयलंड, दुसरं सर्पंट आयलंड. नकाशा काढणाऱ्याने दोन्ही नावांची अदलाबदल केली असावी, अशी गंमत नेहमी सांगितली जाते. राउंड आयलंड गोल नाही आणि त्यावर साप आहेत. सर्पंट आयलंड त्यामानाने गोल आहे आणि त्यावर औषधालाही साप नाही. तिथे आहेत ते समुद्रपक्षी आणि गोमी. स्कोलोपेंड्रा ॲब्नॉर्मिस ही गोम जगात फक्त याच दोन बेटांवर सापडते. १९९३च्या एका मोहिमेत गोळा केलेल्या नमुन्यांवरून ती १९९६मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंदवली गेली.

नागपूरकराने हे कशाला वाचावं? मॉरिशस आणि आपली सीताबर्डीची टेकडी एकाच चुलीवर शिजलेली आहे, म्हणून. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आशियाला चिकटलेला नव्हता, समुद्रात एकटाच उत्तरेकडे सरकत होता. तो एका तप्तबिंदूवरून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून सतत उष्णता वर येत राहते अशा जागेवरून, जात असताना जमीन फाटून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो काळा कातळ पसरलेला आहे. भूखंड पुढे निघून गेला, तप्तबिंदू मागे राहिला. लक्षद्वीप-मालदीवखालची डोंगररांग, मॉरिशस, आणि आज रीयूनियन बेटावर धुमसणारा पितों द ला फूर्नेझ हा ज्वालामुखी, हे सगळं त्याच तप्तबिंदूचं काम, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात.

नागपूर या लाव्हाच्या पूर्वेकडच्या काठावर वसलं आहे. पश्चिमेला काटोल-कोंढाळीकडे निघा, काळा कातळ आणि काळी माती. पूर्वेला भंडाऱ्याच्या वाटेला लागा, खडकाचा रंगच बदलतो. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांना हे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी दिसलं होतं. नागपूरच्या परिसरातल्या खडकांवर आणि जीवाश्मांवर त्यांचा निबंध १८५५मध्ये प्रसिद्ध झाला. टाकळीला लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या गाळात त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, वनस्पतींचे अवशेष आणि चक्क भुंगेऱ्यांची पंखकवचं मिळाली. लाव्हाचा एक लोंढा थंड झाला, वर तळं साचलं, त्यात जीव नांदले आणि मग पुढचा लोंढा आला. हे ज्या गाळातून कळलं, त्यावर आता वस्ती आहे.

आग विझल्यावर आधी कोण येतं, हा प्रश्न म्हणून टाकळीचाही आहे आणि कालपरवा वर आलेल्या बेटाचाही. १८८३मध्ये इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात तिथे गेलेल्या फ्रेंच मोहिमेला अख्ख्या बेटावर एकच जीव दिसला, जाळं विणणारा एक चिमुकला कोळी. कोळ्याची पिल्लं धाग्यावर वाऱ्याने उडत येतात. गोमेला ती सोय नाही.

उलट गोमेची अडचण मोठी आहे. कीटकांच्या अंगावर पाणी टिकवणारा मेणासारखा थर असतो, तो गोमेकडे जवळजवळ नसतोच. कोरड्या हवेत ती लवकर सुकते. आपल्याकडे वैशाखात ती कूलरच्या टाकीखाली किंवा मोरीच्या कोपऱ्यात सापडते, त्याचं कारण हेच. मग तिने शेकडो किलोमीटरचा खारा समुद्र ओलांडला कसा? पुरात वाहून आलेल्या ओंडक्याच्या सालीखाली, मुळांना धरून राहिलेल्या मातीत. अशी सफर हजारातून एखादीच पार पडत असेल, पण बेटाच्या हाताशी लाखो वर्षं असतात. त्यातही लॅमिक्टीस नावाच्या बारीक गोमांचं बरं आहे. त्यांच्यातल्या एका प्रजातीत बहुतेक ठिकाणी माद्या नराशिवाय अंडी घालतात, म्हणजे एकच मादी पोचली तरी वसाहत उभी राहते. या प्रजातीचे नर कुठे आढळतात, तर अझोर्स आणि कॅनरी बेटांवर. ही दोन्हीही ज्वालामुखीचीच बेटं.

दुसरी वाट माणसाची. जहाजातलं लाकूड, नारळ, कुंडीतली माती यांतून स्कोलोपेंड्रा सबस्पिनिपीस ही मोठी गोम उष्ण कटिबंधातल्या कित्येक बेटांवर पोचली आहे. त्यामुळे बेटावर गोम सापडली, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. ती तिथलीच की बोटीने आलेली, हे ठरवायचं असतं. त्यासाठी सर्वेक्षण लागतं, आणि ते काम दिसतं त्यापेक्षा पुष्कळ किचकट आहे.

दिवसा दगड आणि कुजके ओंडके उलटायचे, आणि बघून झालं की जसे होते तसेच परत ठेवायचे. हा नियम न पाळणाऱ्याला मी तरी अभ्यासक म्हणणार नाही, कारण त्या दगडाखालचा ओलावा हेच कुणाचं तरी घर असतं. रात्री कपाळावर दिवा बांधून फिरायचं. गोम निशाचर आहे, दिवसा जिथे एकही दिसली नाही तिथे रात्री ती उघड्यावर शिकार करत असते. प्लास्टिकचे पेले जमिनीत काठोकाठ पुरून ठेवायचे, म्हणजे फिरणारे जीव त्यांत पडतात. पालापाचोळा चाळायचा, आणि उरलेला नरसाळ्यात भरून वर बल्ब लावायचा. पाचोळा वरून सुकत जातो, तसे ओलाव्याला सोकावलेले जीव खाली सरकतात आणि अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. गोमेचा जो दुबळेपणा समुद्रात तिच्या जिवावर उठतो, तोच इथे शोधणाऱ्याच्या कामी येतो.

खरं काम त्यानंतरचं. प्रत्येक बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी हवी, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर तारीख, अक्षांश-रेखांश, उंची, दगडाखाली की सालीखाली, आणि गोळा करणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नसलेली गोम म्हणजे नुसता मेलेला किडा. जिथे काही मिळालं नाही तेही लिहावं लागतं, किती जणांनी किती तास शोधलं यासकट. एखादी प्रजाती फक्त बंदराजवळ आणि बागांत मिळते, डोंगरमाथ्यावर कधीच नाही, असं दिसलं तर ती पाहुणी असण्याचा संशय घेता येतो. हा संशय त्या रिकाम्या नोंदींवरच उभा असतो. मग डीएनएचा एक ठरावीक तुकडा इतर देशांतल्या गोमांशी ताडून पाहायचा.

जात ओळखायची तर सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी आली. पायांच्या जोड्यांपासून सुरुवात. प्रौढ गोमेत ही संख्या विषम असते, १५पासून १९१पर्यंत. भिंतीवरून सुळकन पळणारी लांब पायांची असेल तर १५. आपण जिला बघून चप्पल शोधतो ती जाडजूड असेल तर २१, तिच्या काही नातेवाइकांत २३. त्यानंतर डोळे (स्कोलोपेंड्राला डोक्याच्या प्रत्येक बाजूला चार, क्रिप्टॉप्स गटातल्या गोमांना एकही नाही), स्पर्शिकांची पेरं, विषनखाजवळचे दात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटच्या पायांवरचे काटे. रंगावर विसंबू नये. स्कोलोपेंड्रा मॉर्सिटान्स ही भारतभर सापडणारी गोम इतक्या रंगांत येते की रंग बघून नाव सांगणारा हमखास फसतो. बाकी गोमेचा एक पाय मोडला तरी ती लंगडी होत नाही, हे आपल्याकडे म्हणीतच आहे. शास्त्र त्यात एवढीच भर घालतं की कात टाकताना तो पाय पुन्हा फुटतो.

एवढा खटाटोप एका किड्यासाठी? ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला नॉरफोक बेटाजवळ फिलिप आयलंड नावाचं ज्वालामुखीचं छोटं बेट आहे. तिथे कॉर्मोसेफॅलस कॉयनी ही जवळपास फूटभर लांबीची गोम राहते. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की तिच्या आहारातला जवळजवळ निम्मा वाटा सरडे, पाली, पक्षी अशा पाठीच्या कण्याच्या प्राण्यांचा आहे. काळ्या पंखांच्या पेट्रेल पक्ष्याची वर्षाला सुमारे २,१०० ते ३,७०० पिल्लं ती फस्त करते. बेटावर शिकारी सस्तन प्राणी नाहीत, म्हणून वाघाची जागा गोमेने घेतली. डुकरं, शेळ्या आणि सशांनी हे बेट एकेकाळी उघडंबोडकं केलं होतं. ते हटवल्यावर झाडी परतली, पक्षी परतले आणि त्यांच्यामागे ही शिकारीणही वाढली. पक्षीप्रेमींना हे ऐकून वाईट वाटतं. पण पिल्लं खाणारी गोम ही तिथली घरची आहे, ससे पाहुणे होते.

आता पुन्हा आपल्याकडे. दख्खनचा लाव्हा वाहत होता तेव्हा ओलाव्याशिवाय न जगणाऱ्या गोमा गेल्या कुठे? जाह्नवी जोशी आणि प्रवीण कारंथ या संशोधकांनी सह्याद्रीतल्या डिजिटिपीस या गोमांच्या डीएनएवरून २०१३मध्ये याचं उत्तर मांडलं. लाव्हा न पोचलेला दक्षिण सह्याद्री हा त्यांचा आसरा होता, आणि ज्वालामुखी थंडावल्यावर तिथून त्या दोनदा, स्वतंत्रपणे, मध्य आणि उत्तर सह्याद्रीकडे सरकल्या. बेटावर सर्वेक्षण करणारा जे विचारतो, तेच इथे एका अख्ख्या भूखंडाला विचारलं गेलं.

लाव्हाचा दुसरा काठ आपल्या दारात आहे. अंबाझरीचा काळा कातळ आणि उमरेड-भंडाऱ्याकडचे जुने खडक यांवरच्या गोमा सारख्याच आहेत की निराळ्या, हे ताडून पाहायला नागपूरइतकी सोयीची जागा क्वचितच असेल. मृगाच्या सरी पडल्या की गोमी आपणहून सांदवाडीत आणि न्हाणीघरात येतात. तेव्हा झाडू उचलण्याआधी मोबाइल उचलावा. वाणी दिसली तर ती गोम नव्हे, तिला प्रत्येक खंडावर पायांच्या दोन-दोन जोड्या असतात आणि ती वेटोळं करून पडून राहते. गोमेला मात्र हात लावू नका. तिचा दंश सहसा जीव घेत नाही, पण रात्रभर झोपू देत नाही. वरून डोक्याचा एक फोटो, पूर्ण लांबीचा एक, आणि मागच्या पायांच्या शेवटच्या जोडीचा जवळून एक. तारीख आणि ठिकाणासह ते आय-नॅचरलिस्टसारख्या खुल्या नोंदवहीत टाकता येतात. मागच्या पायांचा फोटो मात्र विसरू नका, लोक नेमका तोच काढत नाहीत.