बाळाच्या अंगावरची लाल खूण: उपचारांची पार्श्वभूमी

तान्ह्या बाळाच्या अंगावरच्या लाल खुणेला आपण सरसकट जन्मखूण म्हणतो. वैद्यकानेही बराच काळ तेच केलं. आधी वाढून मग आपोआप विरणारी रक्तवाहिन्यांची गाठ आणि जन्मभर राहणारा सपाट 'पोर्ट-वाईन' डाग, दोन्हींना 'हेमँजिओमा' म्हटलं जाई.

नाव एक, म्हणून उपचारही सरसकट: रेडियम, क्ष-किरण, कार्बन डायऑक्साइडचा बर्फ, शस्त्रक्रिया. स्वीडनमध्ये रेडियम दिलेल्या हजारो बाळांचा पुढे कित्येक वर्षं मागोवा घेतला, तेव्हा त्यांच्यात थायरॉइड आणि स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं आढळलं. यातल्या कितीतरी गाठी काहीही न करता गेल्या असत्या, हे मनाला लागतं.

गाठी आपोआप विरतात हे डॉ. लिस्टर यांनी 1938 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं. मग 'थांबा, जाईल' हा सल्ला रूढ झाला. तो बहुतेकांसाठी योग्य होता, पण पापणीवरची गाठ दृष्टी बिघडवू शकते आणि श्वासनलिकेतली जीव घेऊ शकते. अशा बाळांना 1960च्या दशकापासून स्टेरॉइड मिळू लागलं. पुढे इंटरफेरॉन हे औषध आलं, पण त्याने काही बाळांच्या पायांत कायमचा ताठरपणा आला.

खरा उलगडा 1982 मध्ये बोस्टनला झाला. मुलिकन आणि ग्लोवाकी यांनी पेशी तपासून गाठ आणि रक्तवाहिन्यांची सदोष रचना (पोर्ट-वाईन डाग यातलाच) वेगळी केली. पुढच्याच वर्षी अँडरसन आणि पॅरिश यांनी कातडी न भाजता फक्त रक्तवाहिनी तापवणाऱ्या प्रकाशाचं तत्त्व मांडलं. त्यातून पल्स्ड डाय लेझर आलं. आधीच्या आर्गॉन लेझरने व्रण राहत. नव्या लेझरने पोर्ट-वाईन डाग फिका होतो, मात्र बहुधा पूर्ण जात नाही.

गाठीचं औषध तर योगायोगाने सापडलं. फ्रान्समधल्या बोर्दो इथे स्टेरॉइडमुळे एका बाळाच्या हृदयाचे स्नायू जाड झाले, म्हणून त्याला प्रोप्रॅनोलॉल हे हृदयाचं जुनं औषध दिलं. दुसऱ्याच दिवशी नाकावरची गाठ मऊ पडली, तिची लालीही उतरली. लेऑते-लाब्रेझ आणि सहकाऱ्यांनी हे 2008 मध्ये प्रसिद्ध केलं. 2015च्या 460 बाळांवरील चाचणीत, सहा महिने रोज किलोमागे 3 मिलिग्रॅम औषध घेतलेल्या 60 टक्के बाळांच्या गाठी पूर्ण किंवा जवळजवळ विरल्या. औषध नसलेल्या गटात हे प्रमाण 4 टक्के होतं. हृदयाची गती, रक्तदाब आणि रक्तातली साखर उतरू शकते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीतच देतात.

गाठ सर्वांत झपाट्याने वाढते ती पाचव्या ते सातव्या आठवड्यात. म्हणूनच अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची 2019 ची शिफारस आहे, की धोक्याच्या जागी गाठ असलेलं बाळ महिन्याचं होईपर्यंत तज्ज्ञाने पाहिलेलं असावं.