गाव आणि पाडा (ठाणे जिल्हा)

जनगणनेच्या लेखी गाव म्हणजे महसुली गाव. त्याला शीव असते, तलाठ्याकडे दप्तर असते आणि २०११ पासून सहा आकडी संकेतांकही असतो. शहापूर व मुरबाड तालुक्यांत अशा एकेका गावाच्या शिवेत गावठाणाखेरीज अनेक पाडे आणि वाड्या विखुरलेल्या असतात. कुणबी-आगऱ्यांची घरे बहुधा गावठाणात, तर ठाकूर-कातकऱ्यांची डोंगरउताराला किंवा ओढ्यापलीकडे. जनगणना पुस्तिकेत या सगळ्यांची मिळून एकच ओळ येते.

त्या ओळीत घरांची संख्या, स्त्री-पुरुष, सहा वर्षांपर्यंतची मुले, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर आणि काम करणारे असे रकाने असतात. वर्षात १८३ दिवस किंवा अधिक काम केले तर ‘मुख्य’, त्याहून कमी केले तर ‘सीमांतिक’. भातलावणीला एका शेतात, कापणीला दुसऱ्या आणि मधल्या दिवसांत रोजगार हमीवर राबणारी बाई कोणत्या रकान्यात बसते, हे प्रगणकाने दिवस कसे मोजून विचारले त्यावर ठरते.

मोजणीचा महिना हा खरा कळीचा मुद्दा. २००१ आणि २०११ या दोन्ही वेळी शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. संपूर्ण मोजणीभर बाहेर असलेल्या माणसाची नोंद तो असेल तिथे होते. कातकरी कुटुंबे मालकाकडून उचल घेऊन दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पाऊस तोंडावर आल्यावरच परततात. फेब्रुवारीत पाड्यावर जावे तर कुडाच्या दारांना काट्या लावलेल्या, अंगणात एखादी म्हातारी आणि दोन-चार कोंबड्या.

ही गळती रस्त्यालाही भोवू शकते. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगराळ वा अनुसूचित क्षेत्रात २५० लोकवस्तीची अट होती. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो, म्हणून त्याला २५०ची सवलत. तरीही चाळीस उंबऱ्यांचा पाडा त्यात बसत नाही.

दळणवळणाच्या रकान्यांत बस, रेल्वे आणि रस्त्याचा प्रकार नोंदतात. सोय गावात नसेल तर अंतराचे तीनच गट: ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १०, आणि १० च्या पुढे. गावठाणात एसटी येत असली की साऱ्या गावाला ‘बस आहे’. पाड्यावरून फाट्यापर्यंतची पायपीट कोणत्याच गटात येत नाही. मुक्कामाची गाडी रात्री वस्तीला राहून पहाटे निघते. ती चुकली तर जीपला लोंबकळत आसनगाव, आटगाव किंवा खर्डी स्थानक गाठायचे. पहिल्या पावसानंतर शेवळांच्या जुड्या आणि कंटोलींची पाटी घेऊन बाया अशाच कल्याणच्या बाजारात पोचतात. पावसाळ्यात ओढा फुगला की आजाऱ्याला झोळीत घालून खांद्यावर आणतात.

कसाऱ्यापर्यंत आगगाडी १८६१ मध्येच आली. शहापूर तालुक्याचे नशीब तसे रुळांलगतच्या आणि रुळांपासून लांबच्या गावांत तेव्हापासून विभागले गेले. मुरबाड तालुक्यात रेल्वेस्थानक नाही. तिथला आधार कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा महामार्ग. भातसा आणि तानसा धरणांचे पाणी मुंबईला जाते, तर त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, अर्थात टँकर चढेल एवढा रस्ता असेल तर.

२०११ मध्ये अविभाजित ठाणे हा १,१०,६०,१४८ लोकसंख्येचा देशातला सर्वांत मोठा जिल्हा होता. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाल्यावर ठाण्याकडे सात तालुके उरले. २०२१ ची जनगणना लांबली. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख जाहीर झाली आहे, म्हणजे मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच, भट्ट्या पेटलेल्या असताना.