कोरड्या हवेतलं पाणी मोजताना

एका नळीत ७ बार दाबाची हवा आहे. एक जोड नीट आवळला गेलेला नाही आणि तिथून हवा बारीक फुसफुसत बाहेर येते आहे. त्याच फटीतून बाहेरचं बाष्प नळीत शिरू शकेल का? आतला दाब बाहेरच्या कितीतरी पट, तेव्हा आत काही जाणार कसं, असंच आपल्याला वाटतं. पण पाण्याची वाफ आत जाते. दवबिंदूमापक, म्हणजे हवेतलं बाष्प मोजणारं उपकरण, बसवताना होणाऱ्या बहुतेक चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

वायूंच्या मिश्रणात प्रत्येक वायूचा दाब त्याचा स्वतःचा असतो, हे जॉन डाल्टनने १८०१ मध्ये मांडलं. बाष्पाचा रेणू कुठे सरकणार, हे मुख्यतः बाष्पाच्या दाबावर ठरतं. भोवतालच्या नायट्रोजनच्या दाबाशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. कारखान्यातल्या ड्रायरमधून, म्हणजे दाबाखालची हवा कोरडी करणाऱ्या यंत्रातून, निघालेल्या हवेचा दवबिंदू (अर्थ पुढे येतो; जितका खाली, तितकी हवा कोरडी) उणे ४० अंश सेल्सिअस असेल, तर तिच्यातल्या बाष्पाचा दाब जेमतेम १३ पास्कल असतो. बाहेर २५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर तिथल्या बाष्पाचा दाब सुमारे १९०० पास्कल. म्हणजे पाण्याच्या दृष्टीने बाहेरचा दाब आतल्यापेक्षा जवळजवळ दीडशे पट आहे! हवा बाहेर धावत असताना बारीक फटीतून, रबराच्या वायसरमधून, प्लास्टिकच्या नळीच्या भिंतीतूनसुद्धा बाष्प आत झिरपत राहतं.

दवबिंदू म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत थंड केली की तिच्यातलं बाष्प दव होऊन बसू लागतं, ते तापमान. शून्याखाली दवाऐवजी हिमकण बसतात. आपल्या ओळखीची सापेक्ष आर्द्रता इथे कुचकामी ठरते. उणे ४० दवबिंदूची हवा २० अंशाला असेल तर तिची सापेक्ष आर्द्रता अर्धा टक्का भरते. उणे ६० असेल तर ०.०५ टक्के. एवढ्या टोकाला टक्के मोजून काही हाती लागत नाही. दवबिंदूच्या मापावर मात्र या दोन हवांमध्ये २० अंशांचं ठसठशीत अंतर दिसतं.

इतकी कोरडी हवा लागते कशाला? हवेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या नळ्यांमध्ये थंडीत बर्फ धरू नये म्हणून. लिथियम बॅटरी जिथे जोडतात त्या खोल्यांमध्ये ओलाव्याचा लवलेशही चालत नाही. नायलॉन किंवा पेट (PET, बाटल्यांचं) प्लास्टिकचे दाणे वितळवण्याआधी नीट वाळले नाहीत तर वितळताना पाणी त्यांच्या रेणूंच्या साखळ्या तोडतं आणि तयार वस्तू ठिसूळ होते.

मोजण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. एक थंड आरशाची: आरसा हळूहळू गार करायचा, त्यावर दव किंवा हिम धरताच परावर्तित होणारा प्रकाश बदलतो, आणि त्या क्षणाचं आरशाचं तापमान हेच उत्तर. डॅनियलने १८२० मध्ये ईथरच्या बाष्पीभवनाने काच गार करून हेच केलं होतं. ही पद्धत अचूक आहे, पण महाग आणि आरशाच्या स्वच्छतेबाबत काटेकोर. दुसरी पद्धत धारकतेची, म्हणजे विद्युत प्रभार साठवण्याच्या क्षमतेची; रोजच्या कामात हीच जास्त दिसते. अ‍ॅल्युमिनिअम ऑक्साइडचा सच्छिद्र थर आणि त्यावर सोन्याचा इतका पातळ लेप की पाण्याचे रेणू त्यातून आरपार जातात. छिद्रांमध्ये जितके रेणू बसतील तितकी थराची विद्युत धारकता वाढते. हा आकडा ४ ते २० मिलिअँपिअरच्या विद्युत संकेतातून नियंत्रण कक्षात पोहोचतो.

आता बसवण्याबद्दल. माझ्या मते उपकरण कुठल्या कंपनीचं आहे यापेक्षा त्याच्यापर्यंत हवा कशी आणली आहे, याने रीडिंगमध्ये जास्त फरक पडतो. मुख्य पाइपमधून नमुना वरच्या बाजूने घ्यावा, म्हणजे तळाशी साचलेलं तेल-पाणी ओढलं जात नाही. तेल येण्याची शक्यता असेल तर आधी फिल्टर हवा. तिथून प्रोबपर्यंतची (सेन्सर बसवलेल्या दांडीपर्यंतची) नळी शक्य तेवढी आखूड आणि स्टेनलेस स्टीलची असावी. पाण्याचा रेणू एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण प्रभाराचा, त्यामुळे तो धातूच्या पृष्ठभागालाही चिकटून बसतो. गुळगुळीत स्टीलला कमी, रबर-नायलॉनला भरपूर. वाटेत बंद टोकाचा टी-जोड किंवा न वापरलेला प्रेशर गेज ठेवू नये. तिथे अडकलेली ओलसर हवा दिवसेंदिवस थोडी थोडी बाहेर पडते आणि रीडिंग बिघडवते. सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासावेत, पुसून कोरडे करावेत, नळीतून कोरडी हवा वाहू द्यावी आणि प्रोब त्याच्या डबीतून अगदी शेवटी काढावा. सेन्सरच्या तोंडाला बोट लावू नये.

मोजून झालेली हवा जिथून बाहेर सोडतो ते टोकही महत्त्वाचं. प्रोबनंतर लगेच तोंड उघडं ठेवलं तर खोलीतलं बाष्प उलट्या दिशेने सेन्सरपर्यंत पोहोचतं. त्या टोकाला साधारण मीटरभर बारीक नळीचं वेटोळं जोडलं की हा रस्ता लांबतो आणि प्रश्न मिटतो. खर्च नगण्य, पण हेच हमखास विसरलं जातं.

दाबाचाही हिशेब लिहून ठेवायला हवा. एकूण ८ बार (गेजवरचे ७ आणि वातावरणाचा सुमारे १) दाबाखाली उणे ४० दवबिंदू असलेली हवा वातावरणाच्या दाबापर्यंत सैल सोडली, तर तिचा दवबिंदू सुमारे उणे ५७ होतो. पाणी तेवढंच, पण आकडा वेगळा. प्रोब रेग्युलेटरच्या (दाब कमी करणाऱ्या झडपेच्या) आधी आहे की नंतर, हे न सांगता दिलेला दवबिंदू अपुराच असतो.

चालू केल्यावर पहिले काही तास धीर धरावा लागतो. कोरड्याकडून ओल्याकडे उपकरण चटकन जातं, पण ओल्याकडून कोरड्याकडे येताना नळीच्या भिंतींवरचं पाणी सुटून जावं लागतं, आणि ते सावकाश सुटतं. मिनिटाला १ ते ५ लिटरचा प्रवाह सहसा पुरतो. रोज दुपारी रीडिंग वर चढतं आणि रात्री उतरतं, असं दिसलं तर ड्रायरवर शंका घेण्याआधी उन्हात तापणारी नळी बघावी. ऊब मिळाली की भिंती पाणी सोडतात. खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे प्रवाह दुप्पट करणे. त्याने रीडिंग आणखी कोरडं झालं, तर ओलावा नमुन्याच्या नळीतूनच येतो आहे, कारण जास्त हवेत तेवढंच पाणी विरळ झालं. रीडिंग जागचं हललं नाही, तर जे दिसतं ते पाइपमधलं खरं माप. कॅलिब्रेशन (प्रमाण उपकरणाशी ताडून बघणं) साधारण वर्षाने करून घ्यावं, कारण ऑक्साइडचा थर हळूहळू बदलत जातो.

सगळं जमलं की आलेखात एक छोटी गोष्ट दिसू लागते. दोन टाक्यांच्या ड्रायरमध्ये एक टाकी हवा वाळवत असते, तेव्हा दुसरी स्वतः वाळत असते, आणि दर काही मिनिटांनी त्यांची अदलाबदल होते. त्या प्रत्येक अदलाबदलीला आलेखात एक बारीकसा उंचवटा उमटतो. नळी गळकी किंवा ओली असेल तर तो कधीच दिसत नाही.