उणे पंचवीसमध्ये इंजिनाला चढलेला ताप

पारा उणे २५ अंशांवर, तलाव गोठून दगड झालेला, वाऱ्याने डोळ्यांतून पाणी यायला लागलेलं आणि अशात स्नोमोबिलच्या डॅशवर लाल दिवा लागतो: इंजिन तापलंय. अमेरिकेतल्या मिनेसोटापासून कॅनडातल्या ओंटारियो आणि क्यूबेकपर्यंतच्या पट्ट्यात ज्यांचा हिवाळा या गाडीवर जातो, त्यांना यात काही नवल वाटत नाही. नवख्याचा मात्र विश्वासच बसत नाही. त्याला वाटतं, सेन्सर बिघडला असणार. गंमत म्हणजे तीच गाडी मार्चअखेरीस, तापमान शून्याच्या वर गेलेलं असताना, पाणी सुटलेल्या मऊ बर्फातून दिवसभर हाकली तरी दिवा लागत नाही. म्हणजे जास्त थंडीत इंजिन तापतं आणि उबदार दिवशी गार राहतं. हे कोडं सुटलं की इंजिन तापू नये म्हणून काय करायचं, हे निम्म्याहून अधिक आपोआप कळतं.

गुलमर्ग किंवा सोलांगला जाऊन आलेल्या बऱ्याच मराठी पर्यटकांनी ही गाडी पाहिलेली असते. तिला तिकडे स्नो-बाईक, स्नो-स्कूटर असं काहीही म्हणतात. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद फिरता पट्टा, मध्ये इंजिन. पट्ट्यावर आडवे रबरी दात असतात आणि ते बर्फ मागे ढकलत गाडी पुढे नेतात. पट्टा ज्या अॅल्युमिनियमच्या लांबट खोक्याखाली फिरतो त्याला टनेल म्हणतात. आपलं सगळं नाट्य या टनेलच्या छताखाली घडतं.

मोटारीत इंजिनाची उष्णता कूलंटमार्फत पुढच्या रेडिएटरपर्यंत जाते आणि तिथे हवा ती घेऊन जाते. स्नोमोबिलला बहुधा असा रेडिएटर नसतो. असता तर पुढून येणाऱ्या बर्फाच्या भुग्याने त्याच्या बारीक पत्र्या थोड्याच वेळात बुजल्या असत्या. शिवाय आत बर्फ शिरू नये म्हणून बॉनेटही बऱ्यापैकी बंद ठेवावं लागतं. म्हणून बनवणाऱ्यांनी वेगळी युक्ती केली. टनेलच्या छताला आतून अॅल्युमिनियमचे पोकळ, पन्हाळीदार पट्टे बसवले. यांना हीट एक्सचेंजर किंवा नुसतं कूलर म्हणतात. तापलेलं कूलंट त्यांतून खेळतं. खाली फिरणारा पट्टा आपल्या दातांनी बर्फ उडवतो, तो बर्फ या कूलरवर आपटतो, वितळतो आणि उष्णता घेऊन खाली पडतो. गाडी ज्या जमिनीवरून चाललीय तीच तिचा रेडिएटर.

आता थोडा हिशेब करू, कारण सगळी गंमत त्या आकड्यांत आहे. गाडी बेताच्या वेगाने चाललीय आणि तासाला १० लिटर पेट्रोल पितेय असं धरू. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३३ मेगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे सेकंदाला जवळपास ९० किलोज्यूल. त्यातली काही गाडी ढकलण्यात जाते, बरीचशी सायलेन्सरमधून बाहेर पडते. २० किलोज्यूल कूलंटच्या वाट्याला येतात असं समजू. एक किलो बर्फ शून्य अंशाला नुसता वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात. तेव्हा सेकंदाला साठेक ग्रॅम बर्फ कूलरवर वितळला की काम झालं. साठ ग्रॅम म्हणजे मूठभरसुद्धा नाही! हीच उष्णता हवेने न्यायची तर? हवा कूलरवरून जाताना ३० अंशांनी तापते असं मानलं, तरी सेकंदाला जवळजवळ अर्धा घनमीटर हवा त्या चिंचोळ्या टनेलमधून पळवावी लागेल.

बर्फ किती थंड आहे याने फारसा फरक पडत नाही, हेही याच आकड्यांतून दिसतं. उणे २० अंशांचा एक किलो बर्फ शून्यावर आणायला जेमतेम ४२ किलोज्यूल लागतात. खरी उष्णता शोषली जाते ती त्याचं पाणी होताना. म्हणजे कडाक्याच्या थंडीतला बर्फ वितळायला आलेल्या बर्फाहून फार तर आठव्या हिश्श्याने सरस. पण तो कूलरपर्यंत पोचलाच नाही तर हा वरचढपणा काय कामाचा? वाऱ्यामुळे बोचणारी जास्तीची थंडीही इथे उपयोगी नाही. तापलेली वस्तू वाऱ्याने लवकर निवते खरी, पण त्यासाठी वारा तिच्यापर्यंत पोचावा लागतो.

तेव्हा गाडीवर बसण्याआधी थर्मामीटर बघू नका, पायाखालचा बर्फ बघा. बुटाच्या टाचेने उकरून पाहावं. भुसभुशीत निघाला तर चिंता नाही. टाच नुसती घसरली, तर आज लाल दिव्याशी गाठ आहे.

अशा जागा ठरलेल्या असतात. पहिली म्हणजे वाऱ्याने झाडून लख्ख केलेला तलाव. मिनेसोटाच्या उत्तर टोकाला लेक ऑफ द वूड्स नावाचा अवाढव्य तलाव आहे, आणि तिथून जवळच्याच रोझो गावात स्नोमोबिल बनवणाऱ्या पोलारिस कंपनीचा जन्म झाला. अशा तलावांवर वारा ताजा बर्फ उडवून काठाला नेतो आणि मैलोनमैल काचेसारखं गोठलेलं पाणी उघडं पडतं. पट्टा त्यावर फिरतो, पण उडवायला काही नसतं. दुसरी जागा म्हणजे वसंतातली सकाळ: आदल्या दुपारी वितळलेली वाट रात्री पुन्हा गोठून सिमेंटसारखी झालेली असते. दुपारी ऊन लागून तीच वाट मऊ झाली की सगळं पुन्हा सुरळीत. तिसरी, गावातला रस्ता ओलांडताना किंवा पेट्रोलपंपापर्यंत जाताना लागणारं डांबर. अंटार्क्टिकातही वाऱ्याने बर्फाचा भुगा उडून गेलेले निळसर बर्फाचे पट्टे असतात. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमांची आखणी गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून होते आणि त्या मोहिमांतही अशा गाड्या वापरतात. कठीण बर्फाचा नियम तिथेही हाच.

यावरचा सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात हुशार उपाय म्हणजे स्क्रॅचर. जाडशा तारेचा किंवा स्प्रिंगच्या पोलादाचा हातभर तुकडा. एक टोक पट्टा ज्यावरून सरकतो त्या सस्पेंशनच्या रुळाला किंवा पुढच्या स्कीला बोल्टने बसवलेलं, दुसऱ्या टोकाला कार्बाइडची टणक चोच. कठीण वाटेवर तो खाली सोडायचा. चोच बर्फावर ओरखडे काढत जाते, त्यातून किसासारखा चुरा निघतो आणि पट्टा तो उचलून कूलरवर मारतो. दोन्ही बाजूंना एकेक लावतात. एवढ्याशा तारेने लाल दिवा विझतो, हे पाहिल्याशिवाय पटत नाही. एक पथ्य मात्र आहे. साध्या स्प्रिंगवाल्या प्रकारात गाडी मागे घेण्याआधी स्क्रॅचर उचलून अडकवावा लागतो. नाहीतर तो बर्फात रुततो आणि वाकतो किंवा तुटतो. वायररोपचे स्क्रॅचर मागे घेताना लवून वळतात, त्यामुळे विसरभोळ्या लोकांनी तेच घ्यावेत. (जाता जाता: बऱ्याच टू-स्ट्रोक स्नोमोबिलमध्ये रिव्हर्स गिअरच नसतो. बटण दाबलं की संगणक इंजिन मंद करतो, ठिणगीची वेळ बदलतो आणि इंजिनच उलटं फिरायला लागतं.)

स्क्रॅचरच्या चुऱ्याचा आणखी एक फायदा असतो. पट्टा ज्या रुळांवरून सरकतो त्यांना खालून प्लॅस्टिकची पट्टी असते, तिला हायफॅक्स म्हणतात. तिचं वंगण म्हणजे बर्फ आणि त्याचं पाणी. भुगा नसलेल्या कठीण बर्फावर ती घासून तापते, मऊ होते, आणि गाडी थांबवली की पट्ट्याच्या धातूच्या क्लिपांना चिकटून बसते. लाल दिवा इंजिनाची खबर देतो, हायफॅक्सची देत नाही. ती कळते जळक्या प्लॅस्टिकच्या वासावरून.

मागे लोंबणारा रबरी पडदा हाही कूलिंगचा भाग आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. दिसायला बरं नाही म्हणून तो कापून आखूड करणारे हौशी लोक असतात. पण उडालेला बर्फ अडवून तो टनेलमध्येच घुसळत ठेवतो. तो कापला की बर्फ सरळ मागच्या माणसाच्या तोंडावर. डोंगरातल्या खोल, पिठासारख्या बर्फासाठी बनवलेल्या गाड्यांचंही असंच. वजन वाचवायचं म्हणून त्यांना कूलर कमी असतात. त्यांच्या मुलखात तेवढे पुरतात, पण ती गाडी कडक वाटेवर आणली की चारचौघांत पहिली तीच तापते. यात गाडीचा दोष नाही, ती चुकीच्या जागी आणली गेलीय.

दिवा लागलाच तर काय करावं? वेग वाढवला तर बर्फ जास्त उडेल, असं पुष्कळांना वाटतं. गुळगुळीत बर्फावर उडायलाच काही नसतं, वाढते ती फक्त उष्णता. आधी थ्रॉटल सोडा. वाटेच्या कडेला वाऱ्याने साचवलेला भुसभुशीत बर्फ असतो, त्यात गाडी घाला आणि सावकाश चालवा. बहुतेक वेळा मिनिटभरात दिवा जातो. जवळपास तसा बर्फ नसेल तर थांबून इंजिन बंद करा आणि जिथे मिळेल तिथला बर्फ टनेलवर थापा. पट्टा फिरत असताना मात्र आत हात घालू नका. गरम इंजिनाच्या ब्लॉकवर बर्फ टाकणंही टाळा, धातू एकदम आक्रसून तडा जाऊ शकतो. आणि कूलंटचं झाकण गरम असताना उघडू नये, हे मोटार चालवणाऱ्याला सांगायला नको.

मऊ बर्फात गेल्यावरही दिवा गेला नाही, तर मग दोष वाटेचा नाही, आतला आहे. कूलंट गळतंय, पंप अडकलाय, थर्मोस्टॅट उघडत नाही, किंवा नळ्यांत हवा अडकलीय. यातली हवा फार छळते, कारण स्नोमोबिलमध्ये कूलंटचा प्रवास पार मागपर्यंत आणि परत असतो. कूलंट बदललं आणि हवा नीट काढली नाही, की बुडबुडा एखाद्या वळणावर ठाण मांडतो आणि पुढचा प्रवाह अडतो. म्हणून गाडीचं एक टोक उचलून, इंजिन चालू ठेवून हवा काढतात. कुठलं टोक, ते त्या गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं.

कूलंटचं प्रमाणही बघावं. ग्लायकोल म्हणजे कूलंटमधला, ते गोठू न देणारा घटक. ‘थंडी जास्त, तर ग्लायकोल जास्त’ असं म्हणून पाणी न मिसळता ओतणारे लोक आहेत. पण शुद्ध इथिलीन ग्लायकोल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं! निम्मं पाणी घातलं की गोठणबिंदू उणे ३७ पर्यंत उतरतो. शिवाय उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकोलपेक्षा कितीतरी सरस आहे.

हवेवर गार होणारी इंजिनंही आहेत, मुख्यतः कमी ताकदीच्या गाड्यांत. बॉम्बार्डिए कंपनीने १९५९ मध्ये क्यूबेकच्या व्हॅलकूरमधून स्की-डू ही स्नोमोबिल बाजारात आणली, तेव्हा सगळा कारभार हवेवरच होता. आजच्या अशा गाड्यांत पंखा सिलिंडरच्या पत्र्यांवर हवा मारतो. आपल्या जुन्या बजाज चेतकमध्ये फ्लायव्हीलच्या पात्या झाकणाखालून हवा फिरवायच्या, तसाच प्रकार. यांना काचेसारखा तलाव चालतो, पण खोल बर्फात रुतून बसल्यावर हवेच्या झरोक्यांत बर्फ कोंबला गेला तर त्या गुदमरतात. सगळ्या गाड्यांनी एकाच शत्रूला घाबरावं असं नाही.

तापण्याची भीतीच नाही असं समजून लोक उलट चूकही करतात. इंजिन सुरू केलं की लगेच भरधाव. बाहेर एवढी थंडी आहे, तापणार कशाने? इथे पिस्टन सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. पिस्टन अॅल्युमिनियमचा, थेट आगीच्या तोंडी असलेला, म्हणून झपाट्याने तापून फुगतो. सिलिंडरभोवती मात्र गारठलेलं कूलंट असतं. ८० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन २०० अंशांनी तापला तर साधारण ०.३७ मिलिमीटरने फुगतो, आणि त्याच्याभोवतीची मोकळी जागा असते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. सिलिंडरही बरोबरीने तापून फुगला तरच दोघांचं जमतं. असा पिस्टन उघडला की त्याच्या अंगावर चार ठिकाणी उभे ओरखडे दिसतात, आणि ते पाहून जुना मेकॅनिक गाडी कशी चालवली ते गाडीवाल्याला तोंडावर सांगतो. पेट्रोल कमी आणि हवा जास्त अशा मिश्रणाने मेलेल्या पिस्टनचा ओरखडा बहुधा एक्झॉस्टच्या बाजूला असतो. कार्बोरेटरच्या काळात हा धोका थंडीबरोबर वाढायचा. उणे ३० ची हवा शून्य अंशाच्या हवेपेक्षा सुमारे १२ टक्के दाट असते, तेवढं पेट्रोल जास्त द्यावं लागतं आणि त्यासाठी मोठा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं मोठ्या भोकाचं तोंड, बसवावा लागायचा. आता इंजेक्शनवाल्या गाड्या हे स्वतःच पाहतात.

आणि जिथे बर्फच नाही तिथे? मिनेसोटातच दर सप्टेंबरात ‘हे डेज’ नावाच्या मेळ्यात गवतावर स्नोमोबिलच्या शर्यती होतात. धाव काही सेकंदांचीच, पण कूलरवर मारायला कण नाही. म्हणून प्रत्येक धावेनंतर गाडी एका हातगाडीला जोडतात. तिच्यावर पाण्याची टाकी आणि पंप. दोन नळ्या लावायच्या, इंजिनातून गार पाणी फिरवायचं, की गाडी पुढच्या धावेला तयार. त्या टाकीत दुकानातून विकत आणलेला बर्फ टाकलेला असतो.